मोकळा माळ मोकळा नसतो



आमच्या कोनपासून कर्नाळा अभयारण्य जवळ. त्यामुळे पाखरांचा अभ्यास म्हटला की झाडी आणि डोंगर एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. पण सोलापूरजवळ नान्नजच्या उघड्या माळावर आणि तिकडे जैसलमेरच्या वाळवंटात, जिथे सावलीला झाड मिळणे मुश्किल, तिथे मुक्काम ठोकून एका पक्ष्याचा अभ्यास झाला. तो पक्षी म्हणजे माळढोक. उंची मीटरभर, नराचे वजन पंधरा किलोपर्यंत.

१९८०च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. असद रहमानी आणि त्यांचे सहकारी या कामाला लागले. काम कसले? तर उजाडण्यापूर्वी लपून बसायचे, दुर्बीण डोळ्याला लावायची आणि पक्षी काय खातो, कुठे वावरतो, हे वहीत टिपायचे. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. एवढे कळायलाही ऊन, धूळ, एकटेपणा सोसावा लागतो. बुद्धाचा धम्म 'एहिपस्सिको' आहे, म्हणजे या आणि स्वतः पाहा. विज्ञानाची वाटही तीच.

पण पक्षी पाहताना माणूस विसरला की काय होते, तेही पाहा. १९७९ साली माळढोकसाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात लोकांची शेते, गावे, तालुक्याची शहरेसुद्धा आली. जमिनीचे व्यवहार अडले, बांधकामे अडली. लोकांचा राग निघाला तो बिचाऱ्या पक्ष्यावर. पुढे हे क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणावे लागले.

पडीक जमिनीचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी त्यासाठी तुरुंग भरले. मग गरिबाचे पोट आणि माळढोक हे एकमेकांचे वैरी समजायचे काय? आम्हाला तसे वाटत नाही. हा पक्षी ज्वारी-भुईमुगाच्या कोरडवाहू रानातही चरतो, टोळ आणि किडे खातो. त्याचा घात झाला तो शिकारीने, गवताळ माळ मोडल्याने, पाण्यावरच्या उसासारख्या पिकांनी आणि विजेच्या तारांनी. त्याला समोरचे नीट दिसत नाही, अंग जड, त्यामुळे तार चुकवता येत नाही. आज देशात दीडशेच्या आसपासच माळढोक उरले आहेत, बहुतेक राजस्थानात. आपल्या महाराष्ट्रातून तो जवळजवळ गेलाच.

माता-भगिनींना आमचे एक सांगणे आहे. मुलगी प्राणिशास्त्र घेते म्हणाली, तर "त्यात नोकरी कुठली?" म्हणून तिला बसवू नका. रविवारी पोरांना कर्नाळ्याला न्या, हातात वही द्या, दिसेल ते लिहायला सांगा. उद्या माळावर दुर्बीण घेऊन बसणारा आपल्या वस्तीतला असेल, तर त्याच्या वहीत पक्ष्याबरोबर त्या माळावर राबणाऱ्या माणसाचीही नोंद होईल.