नाटक म्हणण्याआधी तपासा

'मुलांना दिसत नाही ते मोबाइलमुळे, नाहीतर अभ्यास टाळायला' हे आपल्या अंकातील पत्रलेखकांचे मत पटले नाही. मोबाइलने नंबर वाढू शकतो. तेवढे चष्म्याने भागते. माझ्या मुलीला चष्म्यानेही फळा दिसत नाही. स्टारगार्टसारख्या आनुवंशिक आजारात सुरुवातीला डोळ्याचा पडदा निरोगी दिसू शकतो. म्हणून पडद्याच्या ओसीटी, ईआरजी या तपासण्या पालकांनी मागाव्यात. (आम्ही मागितल्या, तर 'फार वाचता तुम्ही' हे ऐकावे लागले!) मुलीच्या त्रासाचे कारण अजून सापडलेले नाही. पण पहिल्या बाकाला आणि मोठ्या अक्षरांना निदान कशाला हवे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा ज्यांना चष्म्यानेही दिसत नाही अशी मुले गुरुजींनी आधी दाखवावीत, ही विनंती.

– एक पालक, शिरूर अनंतपाळ (जि. लातूर)