पदक मागू नये म्हणे!

मागच्या आठवड्यात नाईक यशवंत घाडगे यांच्यावर लिहिलं आणि पत्रं आली. दहा जुलै आला की हे ठरलेलंच. पण यंदाच्या टपालात दोन पत्रं अशी निघाली की ती एकमेकांशीच भांडत होती.

पहिलं दक्षिण रायगडातल्या एका निवृत्त हवालदाराचं. श्रीलंकेत, ऑपरेशन पवनमध्ये, स्फोटाचे तुकडे पायात घुसले. इस्पितळ झालं, सुट्टी झाली, पुन्हा ड्युटीही झाली. पेन्शनवर आल्यावर कागद नीट पाहिले तेव्हा कळलं की पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे सैनिकाच्या सेवेच्या नोंदींत, आपली नोंद ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ अशी लागली आहे. ‘बॅटल कॅज्युअल्टी’ नाही. फौजेबाहेरच्यांना यातला फरक कळायचा नाही, म्हणून सांगतो. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्याला जखमेचं पदक मिळतं, ज्याला आता पराक्रम पदक म्हणतात, आणि पेन्शनचा हिशेबही वेगळा लागतो. ‘फिजिकल’ लागलेला माणूस बरॅकच्या न्हाणीत पाय घसरून पडलेल्याच्या रांगेत जाऊन बसतो. हे गृहस्थ ती एक नोंद बदलून घेण्यासाठी अर्ज करत आहेत. दरवेळी उत्तर येतं, जुन्या कागदात तसं काही आढळत नाही.

दुसरं पत्र एका निवृत्त अधिकाऱ्यांचं. सुंदर अक्षर, त्याहून सुंदर विचार. सैनिक इज्जतीसाठी लढतो, पदकासाठी नाही. मिळालं तर छातीवर, नाही मिळालं तर मनात. अर्ज, अपील, कोर्ट हे फौजेला शोभत नाही आणि वर्तमानपत्रवाल्यांनी त्याला हवा देऊ नये, असा एकूण सूर.

वाचून माझं डोकं फिरलं. हवालदारांच्या पत्राने नाही, या दुसऱ्या पत्राने.

‘मागू नये’ हा नियम नेहमी ज्यांना मिळालेलं असतं त्यांच्याच तोंडी असतो. शौर्यपदक दोन गोष्टींचं बनतं: एक करणी आणि एक कागद. करणी सैनिकाची, कागद दुसऱ्याचा. स्वतःच्या शौर्याची शिफारस कुणालाच स्वतः लिहिता येत नाही, आणि तेच बरोबर आहे. पण मग तो दुसरा चुकला, मेला, बदलून गेला किंवा आकसाने वागला तर काय करायचं, याचं उत्तर ‘मागू नये’ हे कसं काय होऊ शकतं?

घाडग्यांचंच घ्या. सगळं मागच्या खेपेला सांगितलं आहे, पुन्हा सांगत नाही. एवढंच आठवा की १० जुलै १९४४ ला इटलीतल्या टायबरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनमधले सगळे ठार किंवा जखमी झाले होते. उभे राहिलेले ते एकटे, आणि मशीनगनचं ठाणं संपवून तेही तिथेच पडले. हा माणूस मागायला येणारच नव्हता. कुणीतरी पाहिलं, कुणीतरी लिहून घेतलं, कुणीतरी तो कागद वर पाठवला आणि त्याच वर्षी पळसगावच्या बावीस वर्षांच्या पोराचं नाव व्हिक्टोरिया क्रॉससाठी लंडनच्या गॅझेटमध्ये छापून आलं. त्या दिवशी पाहणाराही गोळीला बळी पडला असता तर? शौर्य तेवढंच राहिलं असतं. माणगावच्या तहसील कचेरीसमोर पुतळा मात्र नसता आणि मीही दर जुलैत काही लिहिलं नसतं.

आपल्या अलिबागचे जनरल अरुणकुमार वैद्य घ्या. १९६५ ला डेक्कन हॉर्सचे कमांडर म्हणून महावीर चक्र, १९७१ ला चिलखती ब्रिगेडचे कमांडर म्हणून पुन्हा महावीर चक्र, पुढे लष्करप्रमुख. दोन्ही सन्मान शंभर टक्के कमावलेले, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढू नये. पण कर्नलची लढाई ब्रिगेडियरच्या नकाशावर असते आणि ब्रिगेडियरची जनरलच्या. त्यांनी काय केलं हे लिहायला वर माणसं असतात. नाल्यात एकटा सापडलेल्या जवानाचं लिहायला कंपनीचा एखादा सुभेदार किंवा कॅप्टन असतो, तोही जिवंत राहिला तर.

आता माझं आवडतं रडगाणं. वाचक कंटाळले असतील, पण इलाज नाही. सातबाऱ्यावर तलाठ्याच्या हातून नाव चुकलं तर जमीन महसूल अधिनियमात कलम १५५ आहे. लेखनप्रमाद झाला, तहसीलदार दुरुस्त करतो. अलिबाग तालुक्यात समुद्र दिसेल अशा जमिनीवर हे कलम किती चपळाईने धावतं हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना माझं म्हणणं कळेल. आजोबांच्या नावातली वेलांटीसुद्धा खरेदीखताआधी सुधारून मिळते. हवालदाराच्या पायाला मात्र सी-व्ह्यू नाही, त्यामुळे त्याची फाईल भरती-ओहोटी पाहत बसते. वरच्या पत्रवाल्या साहेबांना विचारावंसं वाटतं, जमिनीची नोंद दुरुस्त करायला अर्ज केला तर ती भीक होत नाही, मग जखमेची नोंद दुरुस्त करायला केला तर ती भीक कशी?

पण मला खरं सांगायचं आहे ते दोन अधिकाऱ्यांबद्दल. एक अमेरिकन, एक आपला.

जून १९६५, व्हिएतनाममधलं बाँग सोन. कॅप्टन पॅरिस डेव्हिस, अमेरिकेच्या स्पेशल फोर्सेसमधल्या सुरुवातीच्या मोजक्या कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांपैकी एक. जवळपास एकोणीस तास लढाई चालली. स्वतः जखमी असताना त्यांना निघून यायला सांगितलं गेलं. माझी माणसं तिकडे पडली आहेत, ती आणल्याशिवाय येत नाही, हा त्यांचा पवित्रा, आणि त्यांनी ती आणली. वरिष्ठांनी मेडल ऑफ ऑनरची शिफारस केली. ते कागद हरवले. १९६९ ला चौकशी झाली, पुन्हा कागद करायचं ठरलं आणि तेही हरवले. मध्यंतरी सिल्व्हर स्टारवर काम भागवलं गेलं. एकदा हरवले तर गलथानपणा म्हणता येईल. एका काळ्या अधिकाऱ्याचे कागद साठच्या दशकात दोनदा हरवले, तर त्याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. माझं ठरलं आहे.

पुढे जुने सोबती आणि काही स्वयंसेवक यांनी तोच प्रस्ताव नव्याने उभा केला. ज्यांना डेव्हिस यांनी ओढून आणलं होतं त्यांची साक्ष त्यात होती. ३ मार्च २०२३ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, व्हाईट हाऊसमध्ये त्यांच्या गळ्यात ते पदक पडलं. सत्तावन्न वर्षांहून जास्त काळ गेला. ही काही अमेरिकेची कौतुककथा नाही. पण त्या देशात १९४६ च्या कायद्यापासून लष्करी नोंदी दुरुस्त करणारी मंडळं आहेत आणि त्यांवर गणवेशातले अधिकारी नसतात, नागरी माणसं बसतात. अर्जाला तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायाला गरज असेल तर ती माफ करता येते. म्हणजे ‘आमची नोंद चुकू शकते’ हे तिथे कायद्यानेच मान्य केलेलं आहे.

आता आपला. १९९९, कारगिल युद्धातलं बटालिक. ७० इन्फंट्री ब्रिगेडचे कमांडर ब्रिगेडियर देविंदर सिंग. खालुबारच्या लढाईत परमवीर चक्र मिळवणारे कॅप्टन मनोजकुमार पांडे याच भागात लढले. युद्ध संपलं, पदकं वाटली गेली. ब्रिगेडियरसाहेबांच्या वाट्याला विशिष्ट सेवा पदक आलं, जे शौर्यपदक नव्हेच. बढतीही अडली. मागू नये या नियमाप्रमाणे त्यांनी गप्प घरी बसायला हवं होतं. ते दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले, तिथून प्रकरण सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे आलं, आणि २०१० च्या मे महिन्यात न्यायाधिकरणाने जे सांगितलं ते ऐकून देश चमकला. त्यांच्या वरिष्ठांनी, म्हणजे तेव्हाच्या कोअर कमांडरनी, त्यांच्याबद्दलचा अहवाल पूर्वग्रहाने लिहिला. ते शेरे काढून टाका, बढतीचा पुन्हा विचार करा आणि बटालिकच्या लढाईचा अधिकृत वृत्तांतही दुरुस्त करा. न्यायासनाने युद्धाचा इतिहास सुधारून लिहायला सांगावं, हे आपल्याकडे कितीदा झालं आहे? तोवर अकरा वर्षं झाली होती आणि ब्रिगेडियर निवृत्त होऊन बसले होते.

दोन्ही प्रकरणं एकमेकांशेजारी ठेवून पाहा. डेव्हिसचा कागद हरवला होता, देविंदर सिंगांचा हरवला नव्हता. तो व्यवस्थित टंकलेला, सहीशिक्क्याचा आणि चुकीचा होता. मला या दोन्हींतला दुसरा प्रकार जास्त भयंकर वाटतो. कागद हरवला की निदान जागा रिकामी दिसते, विचारणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. चुकीचा कागद स्वतःच उत्तर असतो. तो दाखवला की विषय संपला. आपली कार्यालयं कागद हरवतात म्हणून आपण त्यांना शिव्या घालतो, पण ती काही कागद किती जिवापाड जपतात याकडे आपलं लक्षच जात नाही. आणि असा जपलेला कागद आपोआप कधीच दुरुस्त होत नाही. कुणीतरी निर्लज्ज होऊन अर्ज करावाच लागतो.

आता याच्याही खालच्या पायरीवर या. एका ब्रिगेडियरला, ज्याच्याकडे नकाशे, डायऱ्या आणि वकील होते, अकरा वर्षं लागली. हवालदाराचं काय? न्यायाधिकरणाचं मुंबईत खंडपीठ आहे, महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी. पोलादपूर-महाडकडच्या माणसाने दर तारखेला वडखळची वाहतूक कोंडी ओलांडून तिथे जायचं. शिवाय ज्यांना पेन्शन लागू झाली नाही अशांची सेवेची कागदपत्रं पंचवीस वर्षांनी नष्ट करायची, असा लष्कराचा नियमच आहे. मागे उरते लाँग रोलमधली एक ओळ: नाव, नंबर, भरती, डिस्चार्ज. आधी कागद जाळायचे आणि मग अर्जदाराकडे कागद मागायचा!

पत्रवाल्या साहेबांना इज्जतीची काळजी आहे, तर त्यांनी मुरलीकांत पेटकरांकडे पाहावं. सांगली जिल्ह्यातल्या पेठचा हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाला. १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन सुवर्णपदक, तेही विश्वविक्रमासह. इथे तर शौर्याची शिफारस लिहिणाऱ्या साहेबाचीही गरज नव्हती, घड्याळाने लिहून दिलं होतं. त्यांनी १९८२ मध्ये अर्जुन पुरस्कार मागितला. होय, मागितला. नाही म्हणून सांगितलं गेलं. २०१८ ला पद्मश्री आली, २०२४ मध्ये त्यांच्यावर हिंदी सिनेमा आला आणि जानेवारी २०२५ मध्ये अर्जुन मिळाला. सिनेमा आणि पुरस्कार यांच्यातलं सात महिन्यांचं अंतर योगायोग असू शकेल. मला मात्र शंका आहे की ज्यांना घड्याळ वाचता येत नव्हतं त्यांना पोस्टर वाचता आलं. ते काहीही असो, मागितल्यामुळे पेटकरांच्या त्या ३७.३३ सेकंदांत काही कमी पडलं का?

आणि नोंदी चुकतच नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी योगेंद्रसिंग यादव. टायगर हिलच्या या वीराला परमवीर चक्र मरणोत्तर म्हणून जाहीर झालं होतं. यादव इस्पितळात उपचार घेत होते! त्याच नावाचा दुसरा जवान शहीद झाला होता. देशातल्या सर्वोच्च शौर्यपदकात ही गफलत होऊ शकते, तर एका शिपायाच्या पायातल्या तुकड्यांची काय कथा. यादवांची चूक लगेच सुधारली, कारण ते हयात होते आणि दाखवता येत होते. जखम तीस-पस्तीस वर्षांनी दाखवली की डॉक्टरला फक्त व्रण दिसतो. तो कुणाच्या स्फोटाचा हे व्रणावर लिहिलेलं नसतं.

मान्य आहे, दार उघडलं की खोटेही येतील. न लढलेली लढाई सांगणारे प्रत्येक गावात असतात, अलिबागच्या किनाऱ्यावर संध्याकाळी दोनचार भेटतातच. म्हणून तर पुरावा तपासणारी स्वतंत्र जागा हवी. ऑस्ट्रेलियात केवळ लष्करी सन्मानांच्या अपिलांसाठी न्यायाधिकरण आहे. १९४२ मध्ये बुडत्या आर्मिडेल बोटीवर तोफेला स्वतःला बांधून घेऊन शेवटपर्यंत गोळीबार करणाऱ्या टेडी शीन या अठरा वर्षांच्या खलाशाचं प्रकरण तिथे तपासलं गेलं. सरकारने आधी नकार दिला, मग नमतं घेतलं आणि २०२० मध्ये त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, अठ्ठ्याहत्तर वर्षांनी. त्या देशाच्या नौदलाची अब्रू गेल्याचं ऐकिवात नाही.

येत्या २६ जुलैला कारगिल विजय दिवसाची भाषणं होतील. होऊ देत. पण त्या निमित्ताने जिल्ह्यातल्या माजी सैनिकांनी एक काम करावं. डेव्हिस आणि शीन यांची प्रकरणं शेवटी सोबत्यांच्या साक्षीवर उभी राहिली. १९७१ ला वीस वर्षांचा असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे आणि श्रीलंकेहून परतलेलेही साठीच्या घरात आहेत. त्यामुळे पदक पुढचं पुढे, आधी सोबत्यांचे पत्ते शोधा. कोण कुठे जखमी झालं, कुणी पाहिलं, कोणत्या इस्पितळात नेलं हे प्रतिज्ञापत्रावर उतरवून घ्या. रेकॉर्ड ऑफिसकडून लाँग रोलची आणि पार्ट टू ऑर्डरची प्रत लेखी मागवा, नकार आला तर तोही लेखीच घ्या, कारण पुढे न्यायाधिकरणात तोच नकार कामाला येतो. आणि हे सगळं करताना कुणी जवळ येऊन ‘सैनिकाने मागू नये’ म्हणालाच, तर तो त्या युनिटमध्ये होता का ते विचारून साक्षीदाराच्या जागी पहिली सही त्याच्याकडून घ्या.