विहिरीला कठडा नाही, पण हडळ आहे

पोस्ट लांब आहे. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या अमावस्येपासून आपल्याकडं एक रील फिरतेय. 'कवठे महांकाळमधली पाच झपाटलेली ठिकाणं.' मागं कुत्र्याच्या रडण्याचा आवाज, मोबाइलचा हिरवा उजेड आणि दोन पोरं दबक्या आवाजात बोलतायत. मला ती निदान तीस जणांनी पाठवली. कुणी हसायची बाहुली टाकून, कुणी 'सायेब, ह्यावर लिवा की' म्हणून. म्हणून लिहितोय.

त्या पाचांतली तीन ठिकाणं मला नीट माहीत आहेत. एक जुनी विहीर, एक हायवेचं वळण आणि एक पडका वाडा. नक्की कुठली ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की उद्या रात्री आणखी दहा पोरं तिथं मोबाइल घेऊन उभी राहतील.

आधी एक सांगतो. भुताच्या गोष्टींशी माझं भांडण नाही. उन्हाळ्यात अंगणात वाकळा टाकून आमची आजी चकव्याच्या, मुंजाच्या, वेताळाच्या गोष्टी सांगायची. रात्री लघवीला उठायची हिंमत व्हायची नाही. पण गोष्ट संपली की आजी म्हणायची, "झोपा आता, काय नसतंय तसलं." रील करणारी पोरं आजीचं हे शेवटचं वाक्य तेवढं गाळतात.

ही चूक मी त्यांच्या आधी केलीय. नुकता डिप्लोमा करून बातमीदारी सुरू केली होती. सर्वपित्री अमावस्येच्या आदल्या दिवशी ऑफिसातून फोन आला, पानात जागा आहे, तुमच्याकडची एखादी भुताची भानगड द्या. मी त्याच विहिरीवर अडीचशे शब्द लिहिले. 'असे ग्रामस्थ सांगतात' हे आमचं हुकमी वाक्य तीन वेळा वापरलं. रात्री बांगड्यांचा आवाज येतो, बाई काठावर बसलेली दिसते, वगैरे. बातमी गाजली. मीही खूश.

चार दिवसांनी एसटी स्टँडवर एक म्हातारा मला शोधत आला. धोतर, टोपी, हातात घडी घातलेलं कात्रण. म्हणाला, "सायेब, ती हडळ न्हवं. माझी पोरगी हाय ती."

लग्नाला तीन वर्षं झाली होती. माहेरहून पैसे आण म्हणून तिच्यामागं टुमणं होतं. एक दिवस ती विहिरीत सापडली. पाय घसरला, असं सासरकडून सांगण्यात आलं. कागदावर 'अकस्मात मृत्यू' पडलं आणि विषय मिटला. गावानंही मिटवला. वर्षभरात तिची हडळ झाली आणि मी ती छापली. म्हातारा भांडला नाही. एवढंच म्हणाला, "भूत म्हनलं की कुनी इचारत न्हाई, ती मेली कशानं."

मी त्याला चहा पाजला. त्यापलीकडं काही केलं नाही. खुलासासुद्धा छापायला दिला नाही. हे आज लिहितोय, तो म्हातारा आता नाही.

त्याचं ते वाक्य मात्र डोक्यात बसलं. त्यानंतर गावोगाव फिरताना भुताची गोष्ट कानावर आली की मी एकच विचारतो, हे कुणाचं भूत? आणि दरवेळी खाली एखादं मरण निघतं. हडळ कोण? बाळंतपणात मेलेली बाई. मुंजा कोण? मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला पोरगा. समंध कोण? इस्टेटीत जीव अडकून मेलेला. पाण्याच्या कडेला पुजलेल्या आसरांच्या आसपास गावातली माणसं बुडून गेलेल्या बायकांची नावं सांगतात. आपल्या वाडवडलांनी मेलेल्यांची यादीच या रूपात ठेवलीय म्हणा ना. पण यादीत कारण लिहिलेलं नाही. बाळंतीण वेळेत दवाखान्यात का पोचली नाही, पोरगा कुठल्या तापानं गेला, वाटणीवरून कुणी कुणाला छळलं, हे सगळं गाळून फक्त पांढरी साडी शिल्लक राहिली.

आता कुणी म्हणेल, कायदा झोपलाय का? कायदा आहे. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई संशयास्पदरीत्या गेली, तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी चौकशी करायची असते. नवऱ्याच्या आणि सासरच्या छळाबद्दलचं कलम १९८३ साली आलं, हुंडाबळीचं १९८६ साली. पण चौकशीला साक्षीदार लागतो. आणि ज्या गावाला 'त्या विहिरीत काहीतरी आहे' हे उत्तर मिळालंय, ते साक्ष द्यायला कशाला जाईल?

हायवेच्या वळणाचंही तसंच. तिथं म्हणे पांढऱ्या साडीतली बाई लिफ्ट मागते. कुणी गेला की लोक म्हणतात, "बाईनं घेतला." रस्ते वाहतूक मंत्रालयाचा हिशेब वेगळा आहे. साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत जीवघेणे किंवा जबर जखमी करणारे ५ अपघात झाले, किंवा १० माणसं दगावली, तर ती जागा 'ब्लॅक स्पॉट'. मग तिथं फलक, पट्टे, दिवे, वळणाची दुरुस्ती करायची असते. रत्नागिरी-नागपूर महामार्ग झाल्यापासून आपल्याकडच्या गाड्यांचा वेग किती वाढलाय ते रोज बघताय. त्यात गळीत हंगामात मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा उसाच्या ट्रॉल्या. 'बाईनं घेतला' म्हटलं की ट्रॉलीवाला सुटला, ठेकेदार सुटला, रस्त्याचं खातं सुटलं आणि ढोसून गाडी चालवणारा आपला भाऊबंदही सुटला. एवढी सोयीची बाई कुणाला नको असेल?

हे खेड्यापाड्यातलं अडाणीपण आहे असं समजू नका. शहाण्या पुण्याचं बघा. शनिवारवाड्यात अमावस्येला 'काका मला वाचवा' ऐकू येतं, हे शेंबड्या पोराला माहीत आहे. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला झाला, वय १८. पण पुढचं किती जणांना माहीत आहे? आपल्या साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांनी खुद्द राघोबादादांना दोषी ठरवलं, देहांत प्रायश्चित्ताशिवाय दुसरी शिक्षा नाही असं तोंडावर सांगितलं आणि पद सोडलं. सत्तेवर बसलेल्याला खुनी म्हणणारा न्यायाधीश! या मातीतली सगळ्यात अभिमानाची गोष्ट ती आहे. आपण काय जपलं? किंकाळी.

राहिला वाडा. रीलमध्ये म्हटलंय, तिथं खवीस राखण बसलाय. राखण म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. कशाची? मी परवा दिवसाउजेडी जाऊन बघून आलो. माजघरात गुडघाभर खोल ताजे खड्डे. कडेला लिंबू, हळद-कुंकू, काळी बाहुली. म्हणजे पोरांची रील गंमत म्हणून झाली असेल, पण ती बघून दुसरंच कुणीतरी कुदळ घेऊन गेलंय. आणि वाडा माळवदाचा. वरची माती पावसाचं पाणी पिऊन फुगलीय, तुळया वाळवीनं पोखरल्यात. उद्या छत खाली आलं तर मेलेल्या पोरावरही 'खविसानं घेतला' हीच बातमी येईल.

खवीस आणि गुप्तधन हे जुळे भाऊ आहेत. आणि ते कुठवर नेतात हे आपल्याला लांब जाऊन शिकायला नको. ज्या म्हैसाळच्या योजनेनं कृष्णेचं पाणी आपल्या दुष्काळी रानात आलं, त्याच म्हैसाळमध्ये २० जून २०२२ ला दोन सख्ख्या भावांच्या घरांत मिळून ९ माणसं मेलेली सापडली. आधी सगळ्यांनी सावकारीला कंटाळून सामूहिक आत्महत्या म्हटलं. आठवड्याच्या आत पोलिसांनी सांगितलं की हा विष देऊन केलेला खून आहे. गुप्तधन काढून देतो म्हणून मोठ्या रकमा उकळल्या आणि पैसे परत मागायला लागल्यावर सगळं घर संपवलं, असा पोलिसांचा आरोप. त्या घरांत शिकलेली, पगारदार माणसं होती. अडाणी नव्हती. नऊ माणसं, मंडळी. ती बातमी वाचून आपण महिनाभर हळहळलो. आणि आज आपल्याच गावातल्या वाड्यात खड्डे पडलेत तर गप्प आहोत.

याच धंद्याविरुद्ध साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अठरा वर्षं कायदा मागितला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला गेलेल्या डॉक्टरांना गोळ्या घातल्या. त्यांच्या रक्तानंतर वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात १२ कृत्यांची यादी आहे. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं, भुताची भीती घालून घबराट पसरवणं, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, हे सगळं त्यात आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. गुन्हा अजामीनपात्र. गोष्ट सांगणं गुन्हा नाही, देव मानणं तर अजिबात नाही. भीतीचा धंदा करणं गुन्हा आहे.

तरी दोन गोष्टी ऐकवल्या जातील, म्हणून आधीच उत्तर देतो.

"सायेब, ह्यानं गावाचं नाव होतंय, पर्यटन वाढंल." राजस्थानातल्या भानगडचं उदाहरण देतात. सूर्यास्तानंतर आत जाऊ नये, असा सरकारी फलक आहे म्हणे, म्हणजे सरकारनंच भूत मान्य केलं! अहो, पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांची वेळच साधारण सूर्योदय ते सूर्यास्त असते. आणि दाखवायला आपल्याकडं काय कमी आहे? ज्या देवीच्या नावानं गाव ओळखलं जातं ते महांकालीचं देऊळ, दंडोबाचा डोंगर, आरेवाडीचं बिरोबाचं बन. त्याच्या रील करा, मी स्वतः पुढं पाठवतो.

दुसरं, "तुम्ही धर्मावर बोलताय." गाडगेबाबा कीर्तनात काय वेगळं सांगायचे? बाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान राज्यभर नेलं ते आर. आर. आबांनी, ग्रामविकासमंत्री असताना. आबा तर आपलेच. हातात खराटा घेऊन फोटो काढताना बाबा चालतात आणि डोक्यातला कचरा काढायला सांगितलं की धर्म आडवा येतो होय?

म्हणून माझ्या साध्या मागण्या.

नगरपंचायतीनं आणि आसपासच्या ग्रामपंचायतींनी पडीक विहिरींना कठडा बांधावा, निदान लोखंडी जाळी टाकावी. वळणावर किती अपघात झाले त्याचा तीन वर्षांचा आकडा रस्त्याच्या खात्यानं जाहीर करावा. वाड्याच्या मालकांनी वाटणीचं भांडण चालू ठेवावं, पण दार लावून घ्यावं. आणि पोलिसांनी त्या खड्ड्यांचा पंचनामा करावा. मी अर्ज दिलाय, पोच माझ्याकडं आहे.

रील करणाऱ्या पोरांनो, तुमच्यावर राग नाही. तुमच्या वयात मीही तेच केलं, फक्त कागदावर. एक करा. पुढची रील त्याच विहिरीवर करा, पण दिवसा. तिथं कोण गेलं, केव्हा गेलं, का गेलं, हे विचारा. तिच्या घरच्यांना कॅमेऱ्यापुढं यायचं नसेल तर त्यांचं नाव घेऊ नका. पण विहिरीला कठडा का नाही, हे कारभाऱ्यांना कॅमेऱ्यासमोर विचारा. तिथं खरी छाती लागते. अमावस्येला मोबाइल घेऊन जायला काही लागत नाही.

त्या म्हाताऱ्याचा खुलासा छापायचा राहिला होता. वीस वर्षांनी इथं छापतोय. त्या विहिरीवर हडळ नाही. तिथं एका बापाची लेक गेली, आणि ती कशानं गेली हे आपण कुणीच विचारलं नाही.

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली येऊन भांडा, मी आहे.