घरची वीज : विहिरीवर व्होल्ट किती पोचतात?



मोटार जळाली की आपण कमी दाबाच्या विजेला दोष देतो. पुष्कळदा तो खराही असतो. पण मीटरपाशी दाब बरा आणि विहिरीवर कमी, असे होत असेल तर चोर आपल्याच तारेत बसला आहे. त्याला पकडायला एक भागाकार आणि एक गुणाकार पुरतो.

आधी शब्द समजून घेऊ. टाकीतल्या पाण्याला दाब असतो तसा विजेलाही असतो. तो व्होल्टमध्ये मोजतात. पाइपातून पाणी वाहते तशी तारेतून वीज वाहते. तो प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. पाइप अरुंद आणि लांब असला की पाण्याला अडथळा होतो. तारेतल्या अशा अडथळ्याला रोध म्हणतात. तो ओहममध्ये मोजतात. जर्मनीतील शिक्षक गेऑर्ग ओहम यांनी १८२७ साली या तिघांचे नाते मांडले. व्होल्टला अँपिअरने भागले की ओहम येतात. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट, म्हणजे शक्ती येते.

आता विहिरीकडे चला. समजा, सिंगल फेज मोटार चालू असताना मीटरपाशी २२० व्होल्ट आहेत आणि मोटारीपाशी २००. मोटार १० अँपिअर घेते. म्हणजे वाटेत २० व्होल्ट खर्ची पडले.

२० ÷ १० = २ ओहम, हा तारेचा रोध.
२० × १० = २०० वॅट, हे तारेतले नुकसान.

हे २०० वॅट पाणी उपसत नाहीत, नुसती तार तापवतात. मोटार पाच तास चालली की एक युनिट वाया गेले.

विहीर २०० मीटरवर असेल तर जाण्यायेण्याची तार ४०० मीटर होते. ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असेल तर तिचा रोध सुमारे २ ओहम भरतो. त्याऐवजी १० चौरस मिलिमीटरची घातली तर रोध ०.८ ओहम, घट ८ व्होल्ट आणि नुकसान ८० वॅट. ॲल्युमिनियमची तार तेवढ्याच जाडीची असली तरी तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. सैल जोड असला तर त्याचा रोध वेगळाच.

खरा धोका पुढे आहे. दाब घटला तरी पाणी तेवढेच चढवायचे असते. म्हणून मोटार जादा अँपिअर ओढते, तिचे वाइंडिंग तापते आणि शेवटी जळते. शिवाय अँपिअर वाढले की तारेतली घटही वाढते.

एक सावधगिरी. हा भागाकार तारेला, शेगडीला, पाण्याच्या हीटरला लागू पडतो. चालत्या मोटारीचे व्होल्ट आणि अँपिअर भागून तिच्या वाइंडिंगचा रोध मिळत नाही. तिच्या वॅटचा हिशेबही नुसत्या गुणाकाराने होत नाही.

मोजणी जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या, तीही मोटार चालू असताना, दोन्ही टोकांना. मिळालेले तीन आकडे वहीत लिहा. पुढचा हिशेब हायस्कुलात जाणारी तुमची मुलगी किंवा मुलगा करून देईल. नवी तार घेण्याआधी हा हिशेब करा. जाड तारेचे चार पैसे जास्त गेले तरी मोटार पुन्हा भरण्यापेक्षा ते स्वस्त पडतात.

पुढच्या अंकात फ्यूजच्या तारेविषयी.