भिंत नसलेल्यांचे खाजगीपण

पोलिसांच्या गाडीच्या टपावर थर्मल कॅमेरा बसवला, की पोलिसांपुरती रात्र संपते. हा कॅमेरा प्रकाशावर नव्हे, उष्णतेवर चालतो. गाडी रस्त्याने हळूहळू पुढे जात असते आणि आतल्या पडद्यावर माणसे, जनावरे, चुली, नुकतीच बंद केलेली इंजिने पांढऱ्या ठिपक्यांसारखी उमटत राहतात. या यंत्राची तरफदारी एकाच वाक्यात केली जाते: ज्याने गुन्हा केला नाही त्याला भय कसले? हे वाक्य जितके गुळगुळीत तितकेच फसवे आहे. कारण हे यंत्र सर्वांना सारखे पाहत नाही. बंगल्यातला माणूस आणि पालातला माणूस यांत ते भेद करते, आणि जगभरचा कायदाही बव्हंशी त्याच भेदावर उभा आहे. समाजवादी चळवळीने या यंत्राविषयी बोलायचे ते येथून सुरुवात करून.

यंत्राचे मर्म साधे आहे. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकत असते. हे किरण विल्यम हर्शेलने १८०० साली शोधले. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता बाहेर पडते, आणि ८ ते १४ मायक्रॉन लांबीच्या लहरी टिपणारा कॅमेरा तिचे चित्र करतो. चित्रपटांत दाखवतात त्याप्रमाणे हा कॅमेरा भिंतीपलीकडचे पाहू शकत नाही. विटांच्या भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग किती तापला आहे, एवढेच त्याला कळते. साध्या काचेतूनही हे किरण जात नाहीत, म्हणून या कॅमेऱ्याचे भिंग जर्मेनियमसारख्या पदार्थाचे करावे लागते. पातळ पॉलिथिनमधून मात्र ते जातात. डोळ्याला काळीकुट्ट दिसणारी प्लास्टिकची पिशवी या कॅमेऱ्याला जवळपास पारदर्शक असते.

याचा सामाजिक अर्थ स्पष्ट आहे. खिडकीची काच लावून झोपलेला माणूस या यंत्राला दिसत नाही. पातळ प्लास्टिकचा कागद टाकून झोपलेला माणूस दिसतो. उघड्यावर झोपलेला तर पुरताच दिसतो. निसर्गनियमाला जात नाही आणि वर्गही नाही. पण कोणाच्या वाट्याला वीट आणि काच आली व कोणाच्या वाट्याला प्लास्टिकचा कागद आला, हे निसर्गाने ठरवलेले नाही.

या यंत्राचा इतिहासही बोलका आहे. स्वीडनमधील आगा कंपनीने १९६५ साली विजेच्या वाहिन्यांतील दोष शोधण्यासाठी असा कॅमेरा विकायला काढला. अमेरिकेतील फ्लिर ही कंपनी १९७८ साली स्थापन झाली. तिची पहिली यंत्रे गाड्यांवर बसवली जात, ती घरांतून उष्णता कोठे गळते हे दाखवून इंधनाची बचत करण्यासाठी. काम लोकोपयोगी होते. पण घराची उष्णता रस्त्यावरून मोजता येते हे एकदा सिद्ध झाले, की ती मोजण्याचा मोह पोलिसांना होणार हे ओघानेच आले.

तो झालाही. अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यातील फ्लोरेन्स गावी १६ जानेवारी १९९२ रोजी पहाटे तीनच्या सुमारास सरकारी अधिकारी रस्त्यावर गाडीत बसले आणि समोरच्या घरावर त्यांनी थर्मल कॅमेरा रोखला. काही मिनिटांत काम झाले. गॅरेजचे छप्पर आणि एक भिंत शेजारच्या घरांपेक्षा अधिक तापलेली आढळली. आत प्रखर दिव्यांखाली गांजा पिकवला जात असावा असा तर्क करण्यात आला. ही उष्णता, विजेची बिले आणि खबऱ्यांची माहिती यांच्या आधारे वॉरंट निघाले, आणि झडतीत शंभराहून अधिक रोपे सापडली. तर्क खरा निघाला. तरीही वॉरंट नसताना घराची उष्णता मोजणे ही झडती आहे की नाही, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ११ जून २००१ रोजी ‘कायलो विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ या खटल्यात न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला: ही झडतीच आहे, आणि वॉरंटवाचून ती अवैध आहे. निकालपत्र लिहिले ते सनातनी मताच्या न्यायमूर्ती स्कालिया यांनी. भिंतीबाहेर आलेली उष्णता ही सार्वजनिक झाली, असे म्हणणारे विरोधी मत होते उदारमतवादी गणल्या गेलेल्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचे. स्वातंत्र्याची बाजू कोण घेईल हे पक्षाच्या बिल्ल्यावरून ओळखता येत नाही, एवढा धडा यातून घ्यावा.

या निकालाचे जगभर कौतुक झाले. ते योग्यच आहे. पण त्यात दोन भगदाडे आहेत. न्यायालयाने संरक्षण दिले ते यंत्र सर्वसामान्यांच्या वापरात नाही, या अटीवर. आज मोबाइल फोनला जोडता येणारा थर्मल कॅमेरा हौशी माणूसही विकत घेऊ शकतो. बाजारात यंत्र जितके स्वस्त होईल तितका नागरिकाचा हक्क आक्रसत जाईल, असा हा विचित्र हिशेब आहे. दुसरे भगदाड अधिक मोठे आहे. निकाल घराच्या उंबऱ्यावर उभा आहे. ज्याला उंबराच नाही त्याला या निकालाने काय दिले? काहीच नाही.

हे काल्पनिक भय नव्हे. अमेरिका–मेक्सिको सीमेवर ट्रकांवर डोलकाठीसारखा खांब उभारून त्यावर रडार आणि थर्मल कॅमेरे बसवले आहेत. रात्री वाळवंट तुडवत येणारे कष्टकरी त्यांचे लक्ष्य असतात. ग्रीस आणि तुर्कस्तान यांमधील एव्रोस नदीच्या काठावर निर्वासितांना हेरण्यासाठी थर्मल कॅमेरे आहेत. नदीत गारठलेला माणूस पडद्यावर दिसतो खरा. पण त्याला वाचवायचे की मागे लोटायचे, हे यंत्र ठरवत नाही.

भारतातले उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वन्यप्राण्यांसाठी कॅमेरे लावले गेले. झाडाला बांधलेला असा कॅमेरा समोरून जाणाऱ्या उबदार शरीराच्या चाहुलीनेच सुरू होतो. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून जे बाहेर आले ते लाजिरवाणे आहे. सरपण आणि गवतासाठी जंगलात जाणाऱ्या बायका या कॅमेऱ्यांच्या आणि ड्रोनच्या नजरेखाली आल्या. एका स्त्रीचे उघड्यावरील अर्धनग्न अवस्थेतील छायाचित्र लोकांत फिरवले गेले. जंगलात बायका एकमेकींशी मोकळेपणी बोलत, गाणी म्हणत. कॅमेऱ्यांच्या धाकाने तेही थांबू लागले. यंत्र वाघासाठी आणले होते. धाक बसला तो बायकांना.

महाराष्ट्रात हे यंत्र पोलिसांच्या गाड्यांवर फिरू लागले तर ते प्रथम कोणावर रोखले जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. गावाबाहेरच्या माळावर पाल ठोकून राहणारा पारधी, कारखान्याच्या फडाजवळ कोप्यांत राहणारे ऊसतोड मजूर, मुंबईच्या फूटपाथवर अंग टाकणारा हमाल, यांच्याच शरीरांची ऊब पडद्यावर ठळक उमटणार. त्यात आपला कायदा रात्रीकडे संशयानेच पाहतो. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे १२२ वे कलम सूर्यास्त ते सूर्योदय या काळाविषयी आहे. चोर म्हणून ख्याती असलेला माणूस त्या वेळात रस्त्यावर पडलेला वा रेंगाळताना आढळला आणि त्याला समाधानकारक खुलासा करता आला नाही, तर तो या कलमाखाली शिक्षेस पात्र ठरतो. ही ‘ख्याती’ कोण ठरवतो? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ती जन्मावरूनच ठरवली. तो कायदा १९५२ साली गेला, पण सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांच्या रूपाने त्याची सावली मागे राहिली. मुंबई राज्याने असा कायदा १९५९ साली केला. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑक्टोबर २०२४ मध्येही पोलिसांना बजावावे लागले. यावरून सावली किती लांब आहे ते समजावे.

थर्मल कॅमेरा चोर ओळखत नाही. तो फक्त ऊब दाखवतो. चेहरा नसलेल्या त्या पांढऱ्या ठिपक्याला नाव देतो तो पडद्यासमोर बसलेला माणूस, आणि त्याच्या डोक्यात पिढ्यान् पिढ्यांचा संशय असतो. विदर्भातल्या मे महिन्यात जमीनच शरीराइतकी तापते आणि यंत्राचे चित्र फिके पडते. संशयाला मात्र ऋतू नसतो.

येथे चळवळीतल्याच एका मताचा समाचार घेतला पाहिजे. खाजगीपण हे पांढरपेशांचे चोचले आहे. ज्याला भाकरी नाही त्याला कॅमेऱ्याचे काय, असे काही जण म्हणतात. हे मत क्रांतिकारक वाटते, पण वस्तुतः ते मालकवर्गाच्या सोयीचे आहे. खाजगीपण श्रीमंताला विकत मिळते; विटा, काचा, पडदे, कुंपण या रूपांत तो ते घेतो. गरिबाला ते हक्क म्हणूनच मिळू शकते, एरवी नाही. ज्या वस्तूला श्रीमंत पैसे मोजतो आणि गरीब जिच्यावाचून राहतो, तिला चैन म्हणून सोडून देणे हा समाजवाद नव्हे. उघड्यावर अंघोळ करावी लागणाऱ्या स्त्रीला खाजगीपणाचे मोल विचारावे. ते तिच्याइतके कोणालाच ठाऊक नाही.

सुदैवाने भारतीय न्यायालयांनी, अडखळत का होईना, याच दिशेने पावले टाकली आहेत. १९६२ साली खरक सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांचे रात्रीबेरात्री घरी येणे अवैध ठरवले. पण खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, असे म्हणण्याचे बहुमताने नाकारले. मुंबईच्या फूटपाथवासीयांच्या खटल्यात १९८५ साली न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात सामावलेला आहे असे मानले, जरी झोपड्या हटवण्याची मुभा कायम ठेवली. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले. खाजगीपण माणसाला चिकटलेले असते, जागेला नव्हे; माणूस सार्वजनिक ठिकाणी आला म्हणून तो ते गमावत नाही, हे सूत्र त्या निकालात आहे. अमेरिकेचा निकाल उंबऱ्याशी थांबतो. हे सूत्र उंबरा ओलांडून फूटपाथवर येते. पारध्याच्या पालालाही ते लागू आहे.

पण सूत्र निकालपत्रात राहिले आणि व्यवहार निविदांच्या हाती गेला. टेलिफोन चोरून ऐकायचा तर १९९६ च्या निकालानुसार वरिष्ठ गृह अधिकाऱ्याचा आदेश आणि फेरतपासणी लागते. माणसाच्या अंगाची ऊब टिपायला असे खास बंधन घालणारा कायदा नाही. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने तर केंद्र सरकार अधिसूचित करील त्या शासकीय यंत्रणांना सुरक्षेच्या नावाखाली कायद्यातून सूट देण्याची तरतूद करून ठेवली आहे. ज्याच्यापासून संरक्षण हवे त्यालाच सूट, असे हे संरक्षण आहे.

सरकारपक्षाचे उत्तर ठरलेले असते: या कॅमेऱ्याने जीव वाचतात. ते खरे आहे. धुराने भरलेल्या इमारतीत अग्निशामक जवानाला बेशुद्ध माणूस यानेच सापडतो. एप्रिल २०१३ मध्ये बोस्टनच्या बॉम्बस्फोटांतील फरारी संशयित एका नावेच्या आच्छादनाखाली लपला होता. पोलिसांच्या हेलिकॉप्टरवरील थर्मल कॅमेऱ्याने तो दाखवला. याला कोणाचाच विरोध नाही. पण तेथे शोध एका विशिष्ट माणसाचा होता, एका विशिष्ट गुन्ह्यासाठी होता, आणि तो नावेत असल्याची खबर आधीच मिळाली होती. ठाऊक असलेल्या संशयिताला शोधणे ही एक गोष्ट. रोज रात्री गाडी फिरवून ज्यांना भिंत नाही अशा सर्वांनाच संशयित मानणे ही अगदी दुसरी गोष्ट. पहिलीचे पुण्य दुसरीच्या खात्यावर जमा करता येणार नाही.

म्हणून मागणी यंत्र मोडण्याची नाही, त्याला कायद्याच्या दावणीला बांधण्याची आहे. माणूस राहतो ती जागा विटांची असो, पत्र्याची असो वा कापडाची; तिच्यावर थर्मल कॅमेरा रोखणे ही झडती मानली जावी आणि तिला दंडाधिकाऱ्याचे वॉरंट लागावे. आग, पूर, बेपत्ता माणसाचा शोध यांना सूट असावी, पण त्या सुटीत टिपलेले चित्र कोणावर खटला भरण्यासाठी वापरता येऊ नये. गाडी कोणत्या रात्री, कोणत्या वस्तीत, कोणाच्या आदेशाने फिरली याची नोंद ठेवली जावी आणि ती दर वर्षी विधिमंडळापुढे यावी. खरेदी आधी आणि चर्चा नंतर ही रीत बंद व्हावी.

कार्यकर्त्यांना यासाठी तंत्रज्ञ होण्याची गरज नाही. पालांवर, कोप्यांवर, फूटपाथवर जाऊन रात्री कोणती गाडी येते, काय विचारते आणि कोणाला उचलून नेते, याची टिपणे ठेवण्यापासून हे काम सुरू होते. पोलिसांनी काढलेली चित्रे सरकारदरबारी जमत राहतील. ज्यांची चित्रे काढली गेली त्यांची साक्ष मात्र कार्यकर्त्यांनी नोंदवली नाही, तर ती कोठेच राहणार नाही.