मांडीवरचा प्रवासी

लोणावळा-अलिबागच्या बंगल्यांच्या जाहिरातींत आता ‘पेट फ्रेंडली’ हे शब्द हमखास असतात. त्यामुळे जोडून सुट्टी आली की घरचा कुत्राही सहलीला निघतो. हे चांगलंच आहे; पूर्वी त्याला वॉचमनच्या भरवशावर टाकून जात. पण तो निघतो कसा? पुढच्या सीटवर कुणाच्या तरी मांडीवर, डोकं खिडकीबाहेर. काही बहाद्दर तर त्याला स्टिअरिंग आणि पोट यांच्यामध्ये बसवून गाडी हाकतात, वर त्याचं रीलही काढतात.

याला लाड म्हणत नाहीत. ताशी ६० किलोमीटर वेगातली गाडी आदळून थांबली, तर २० किलोचा मोकळा कुत्रा त्याच वेगाने पुढे फेकला जातो आणि त्याचा दणका काहीशे किलोंचा बसतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला वेगमर्यादाच १०० आहे. तिथे धरून ठेवलेल्या हातांचा काय पाड लागणार? पुढची एअरबॅग बेतलेली असते बेल्ट लावलेल्या मोठ्या माणसासाठी. मांडीवरचा कुत्रा तिच्या आणि माणसाच्या मध्ये सापडतो.

त्याची जागा मागच्या सीटवर. अंगात हार्नेस घालून तो सीटबेल्टला अडकवायचा. गळपट्ट्याला पट्टा बांधू नये, जोरात ब्रेक लागला तर सगळा हिसका मानेला बसतो. लहान कुत्र्याला क्रेट बरा, पण क्रेटही बांधलेला हवा. काचांची बटणं लॉक करावीत. पंजा पडून काच खाली जाते नाहीतर वर येते. आणि फूडमॉलवर दार उघडण्याआधी साखळी हातात घ्यावी. नवख्या जागी, हॉर्नच्या गोंगाटात बिथरलेला कुत्रा सरळ रस्त्यावर धावतो.

याच फूडमॉलवर दुसरा, जास्त वाईट प्रकार घडतो. ‘पाच मिनिटांत चहा घेऊन येतो’ म्हणून कुत्र्याला बंद गाडीत ठेवतात. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहाएक अंशांनी चढतं, काच बोटभर खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर तेही धड जमत नाही. चहा आळीपाळीने प्यावा, एवढाच उपाय.

कायद्याकडून फार आशा नको. मोटार वाहन कायद्यात १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालआसन नसेल तर हजार रुपये दंड आहे. कुत्र्याच्या बेल्टबद्दल त्यात काही नाही. जनावराला हाल होतील अशा रीतीने वाहनातून नेणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरवलं खरं, पण मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. तेवढ्यात फूडमॉलवर वडापावही येत नाही! ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये कुत्र्याला गाडीत नीट बांधून न्यावं असं स्पष्ट लिहिलं आहे. आपल्या नियमांतही ते एक वाक्य यायला हरकत नाही. तोवर कुत्रा पाळणाऱ्यांनीच मनावर घ्यावं. पुढच्या सुट्टीआधी हार्नेस आणा, आणि थेट गोव्याला निघण्याऐवजी आठवडाभर घराजवळच्या छोट्या फेऱ्यांत त्याची सवय लावा.