गाडी-अवजारांची निगा : क्लच झिजला हे कसे ओळखाल?



गेल्या वैशाखातली गोष्ट. चिपळूणचे लग्न उरकून आम्ही जीपने कराडकडे परत निघालो होतो. गाडी जुनी, माणसे नऊ, शिवाय आहेराची भांडी आणि दोन पोती तांदूळ. पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट चढू लागलो तेव्हा दिवस मावळला होता. अर्ध्या घाटात एका वळणावर इंजिन एकाएकी ओरडू लागले, पण जीप मात्र मंदावत चालली. रेस वाढवावी तर नुसता आवाज वाढे. शेवटी गाडी जागच्या जागी थांबली. मागे उतार, कडेला दरी आणि खालून एक भरलेला ट्रक वर येत होता.

ब्रेक शाबूत होते, म्हणून हे लिहायला उरलो. थोरल्या पुतण्याने उडी टाकून चाकांमागे धोंडे लावले आणि विजेरी घेऊन तो खालच्या वळणावर धावला. भावजय आठ महिन्यांचे मूल कडेवर घेऊन डोंगराच्या अंगाला उभी राहिली. ट्रकवाला भला माणूस. त्याने बायकामुलांना आणि सामानाला जागा दिली. आम्ही पाऊण तास जीप निवू दिली आणि मग रिकामी गाडी पहिल्या गिअरमध्ये, गोगलगायीच्या चालीने घाटमाथ्यावर आणली.

घरी आल्यावर आमची सौ. एवढेच म्हणाली, "पंधरा दिवस सांगत होते, गाडीला जळक्या चिंधीचा वास येतो म्हणून. तुम्ही म्हणालात, डिझेल खराब असेल."

तिचे खरे होते. क्लच एका दिवसात जात नाही. तो अगोदर खुणा देतो. आपण त्या ओळखत नाही, किंवा सुगीच्या गडबडीत पुढे ढकलतो. म्हणून आज या खुणांविषयी.

क्लच करतो काय? आपले दोन्ही तळहात एकमेकांवर घट्ट दाबा आणि एक फिरवा. दुसराही फिरतो. दाब कमी केला की निसटतो. तळहाताला तेल लागले असेल तर दाबूनही निसटतो. गाडीत इंजिनाचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, हा एक तळहात. क्लचप्लेट हा दुसरा. प्रेशर प्लेट आपल्या स्प्रिंगच्या जोराने तिला फ्लायव्हीलवर दाबून धरते. आपण पायडल दाबतो तेव्हा हा दाब निघतो आणि इंजिन चाकांपासून सुटे होते. प्लेटच्या दोन्ही बाजूंना घर्षणाचे अस्तर असते. वापराने ते पातळ होत जाते. हीच क्लचची झीज.

पहिली आणि सर्वांत खरी खूण म्हणजे घसरणे. चढावर किंवा भरल्या गाडीला वरच्या गिअरमध्ये रेस द्यावी, तर इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग त्या मानाने वाढत नाही. सपाटीला, रिकाम्या गाडीला हे कळत नाही. म्हणून गावातल्या गावात फिरणारा म्हणतो, माझी गाडी ठीक आहे, आणि घाटात फसतो.

दुसरी खूण वास. अस्तर घासून तापले की करपल्यासारखा उग्र वास येतो. एखाद्या वेळी चिखलातून गाडी काढताना आला तर घाबरू नये. रोजच्या चालीत येऊ लागला तर समजावे, पाणी मुरते आहे.

तिसरी खूण पायात कळते. पूर्वी पायडल थोडे सोडताच गाडी उचलायची, आता ते जवळजवळ पुरते वर आल्यावर उचलते. तारेच्या क्लचमध्ये अस्तर झिजेल तशी पायडलची सुरुवातीची सैल चाल कमी होते. ही चाल अजिबात उरली नाही, तर पाय न ठेवताही क्लच थोडा दाबलेलाच राहतो आणि मग झीज दामदुपटीने वाढते. चाल किती हवी ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. तेवढी वेळच्या वेळी ठेवून घ्यावी. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचला तार नसते. तिथे पायडल मऊ लागले किंवा खाली बसू लागले तर तेलाची गळती पाहावी.

चौथी खूण, गाडी सुटताना थरथरते, हिसके देते. प्लेट तापून वाकडी झाली किंवा तिला तेल लागले की असे होते. मात्र इंजिनाचे रबरी पाये सैल झाले तरी हेच होते, तेव्हा अगोदर ते तपासावे.

इथे एक घोटाळा होतो. गिअर टाकताना खर्रकन आवाज येतो, विशेषतः रिव्हर्सला, म्हणून लोक प्लेट गेली असे समजतात. हा दोष उलट आहे. इथे क्लच पुरता सुटत नाही. बहुधा तार ताणलेली असते, किंवा तेलाच्या नळीत हवा शिरलेली असते. ते काम थोडक्यात होते. तसेच पायडल दाबल्यावर घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंगचा संशय धरावा. पायडल सोडल्यावर येते आणि दाबल्यावर थांबते, तर दुखणे बहुधा गिअरबॉक्सच्या बेअरिंगचे. मिस्त्रीला हे नेमके सांगितले तर नको ते खोलले जात नाही.

घरच्या घरी परीक्षा अशी करावी. सपाट मोकळी जागा पाहा, पुढेमागे कोणी नको. हॅंडब्रेक ओढा, चाकांना धोंडे लावा. इंजिन चालू करून तिसरा गिअर टाका, किंचित रेस द्या आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच धरतो आहे. रेंगाळून बंद पडले तर झीज झाली. चालूच राहिले तर ताबडतोब पायडल दाबा, कारण प्लेट संपली आहे. ही परीक्षा एकदाच करावी. वारंवार केली तर चांगला क्लचही जळेल.

दुरुस्ती लांबवू नये. अस्तर संपले की त्याचे रिबिट उघडे पडतात आणि फ्लायव्हीलला चरे पाडतात. आमच्या जीपचे तेच झाले. जे काम प्लेटवर भागले असते, ते चाकापर्यंत गेले. गिअरबॉक्स उतरवायची मजुरीच मोठी असते. म्हणून एकदा उतरवला की प्लेटबरोबर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही पाहून बदलावे. आत तेल दिसले तर ऑइल सील बदलल्याशिवाय नवी प्लेट बसवू देऊ नये, नाहीतर तीही जाईल. आतली धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावी.

आता निगा. चालताना डावा पाय पायडलवर विसावू नका. ट्रॅक्टर चालवणाऱ्या पोरांना ही खोड फार असते, नांगरट चालू आणि पाय क्लचवर. चढावर गाडी क्लचवर तोलून धरू नका, त्यासाठी ब्रेक आहे. सुरुवात पहिल्या गिअरनेच करा. आणि ओझे बेताने भरा. बैल थकला तर मान टाकतो, तेव्हा आपण थांबतो. यंत्राची मान दिसत नाही, एवढाच फरक.

जीप आता ठणठणीत आहे. घाटात जायचे असले की मी सौ.ला पुढच्या सीटवर बसवतो. तिचे नाक माझ्या कानापेक्षा तिखट आहे, हे मी आता कबूल केले आहे. आपल्या घरातही कोणी म्हणाले, "गाडीला वास येतो," तर त्याच दिवशी बघा.

पुढच्या अंकात बॅटरीची निगा.